गोगल्याचा गुडघा

डोळे मिटून कल्पना करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच करा. एका जाड, निळ्या गादीवर तुम्ही पडला आहात. समोर तुमच्याच वयाचं कोणीतरी बसलंय आणि तुमचा उजवा पाय त्याच्या काखेत अडकलाय. ओढून पाहा. निघत नाही ना? वळून पाहा. तेही जमत नाही. आता तुमच्याकडे एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मोकळा हात. त्या हाताने समोरच्याला दोनदा थोपटायचं. त्याचा अर्थ असा की बाबा रे, हरलो, सोड.

आता जागा बदला. पाय तुमच्या काखेत आहे आणि थोपटणारा समोरचा आहे. या गोष्टीतली मुलगी या दुसऱ्या जागी बसली होती, म्हणून तुम्हाला दोन्हीकडे बसवून आणलं.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. वय बारा, अंगाने चिपाड, पण गादीवर उतरली की अशी गरगरायची की समोरच्याला ती एकाच वेळी दोन ठिकाणी दिसावी. कुस्ती तिला मामाने शिकवली होती. मामाचं टायरचं दुकान होतं. दिवसभर तो पंक्चर काढायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या हॉलमध्ये मुलांना कुस्ती शिकवायचा. गळ्यात शिट्टी, हाताला रबराचा वास, आणि आवाज असा की हॉलमध्ये तो "वाक!" म्हणाला की पुढे दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वाकायचं. भिंगरीचे बाबा जहाजावर नोकरीला होते, वर्षातून एकदा घरी यायचे. ती आणि आई मामाच्याच इमारतीत एक मजला वर राहायच्या. त्यामुळे शाळेत पहिला नंबर आला की आधी मामाला, गुडघा फुटला की आधी मामाला, असा तिचा शिरस्ता होता. आणि मामाही येईल त्याला सांगायचा, "ही माझी भाची. हिच्या पायात चाकं आहेत."

मामाला स्वतःचाही एक मुलगा होता. भिंगरीपेक्षा वर्षाने मोठा. पण तो पडला सावकाश. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि जेवणं तर इतकं सावकाश की मामी म्हणायची, "याचं सकाळचं जेवण उरकेपर्यंत माझं रात्रीचं करपतं." एकदा त्याने गुपचूप, कुणाला पत्ता न लागू देता, डब्यातले सगळे लाडू संपवले तेव्हा मामा म्हणाला, "गोगलगाय आणि पोटात पाय!" तेव्हापासून तो गोगल्या झाला तो कायमचाच. गोगल्या दोन वर्षं वडिलांकडे कुस्ती शिकला आणि दोन वर्षं हरला. मग एक दिवस म्हणाला, "बाबा, मला जिउ-जित्सूला जायचंय." मामा "जा" एवढंच म्हणाला. पण नंतर कितीतरी दिवस तो टायरमधला खिळा असा उपटायचा, जसा काही त्या खिळ्यानेच काहीतरी केलं होतं.

जिउ-जित्सू म्हणजे खाली पडल्यावरही चालू राहणारी जपानी कुस्ती. ती शिकवणाऱ्या एक ताई होत्या, त्या दिवसा लिफ्ट दुरुस्त करायच्या. त्यांचा हॉल दोन गल्ल्या सोडून होता. तिथली फरशी पाइपांसाठी उकरली गेली आणि ताईंचा वर्ग उघड्यावर पडला. मामा मनाने दिलदार. म्हणाला, "या इकडे. गादी मोठी आहे. अर्धी तुमची, अर्धी आमची." अशी पांढऱ्या डगल्यातली ताईंची मुलं आणि घट्ट कपड्यांतली मामाची मुलं एका छताखाली आली.

पहिल्याच संध्याकाळी मामाने विषय काढला.

"तुमच्यात पायाचं काय करतात हो?"

"तुमच्यात काय करतात ते आधी सांगा, सर," ताई पट्टा बांधता बांधता म्हणाल्या.

"आमच्यात सोपं आहे. पट काढायचा. वाकून आत घुसायचं आणि समोरच्याचा पाय मिठीत घ्यायचा. एक धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी. पाय आला की माणूस आला. पाडला, खांदे टेकवले, विषय संपला."

"म्हणजे पाय ही दाराची कडी झाली. कडी धरून दार उघडायचं. दार उघडलं की कडीचं काम संपलं."

"अगदी बरोबर!"

"आमचं तिथून सुरू होतं. माणूस पडला तरी पाय सोडायचा नाही. घोटा नाहीतर गुडघा जिकडे वळत नाही, तिकडे त्याला हळूहळू न्यायचं."

"म्हणजे तुम्ही कडीच उखडता की!"

"उखडता येते एवढं दाखवायचं, सर. उखडायची नाही. समोरचा थोपटतो, आपण सोडतो."

मामाने भुवया उंचावल्या. "आणि शिट्टी कोण वाजवतं?"

"शिट्टी नाही. तो थोपटतो तीच शिट्टी."

"म्हणजे हरणाऱ्याच्या हातात शिट्टी? हे बरं आहे! मग आमच्याकडे अर्धी पोरं सुरुवातीलाच वाजवतील."

मुलं खो खो हसली. ताईही हसल्या. पण मग त्यांनी दोन्ही वर्गांना गोल बसवलं आणि हसू आवरून दोन गोष्टी सांगितल्या.

"एक. पाय सरळ धरून घोटा दाबायचा, तेवढंच तुम्हाला मोकळं. टाच पकडून फिरवायची नाही. मोठी माणसं फिरवतात, तुम्ही नाही. घोटा दाबला की दुखतं, आणि दुखतं म्हणून माणूस वेळेवर थोपटतो. टाच पिळली की तो पीळ गुडघ्यात जातो, आणि गुडघा फार मुका असतो. तो आधी तुटतो आणि मग दुखतो."

"आणि दुसरी?" कुणीतरी विचारलं.

"दुसरी गोष्ट नुसती ऐकायची नाही, करायची." त्यांनी जोड्या लावल्या. एकाने पाय धरायचा, दुसऱ्याने थोपटायचं, आणि थोपटताक्षणी पहिल्याने हात उघडायचे. पुन्हा. परत पुन्हा. मामाच्या मुलांना ते फार जड गेलं, कारण शिट्टी वाजेपर्यंत हात सोडायचे नाहीत हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. एक जाडा मुलगा तर थोपटलं की आणखीच आवळायचा आणि मग "अरेच्चा!" म्हणायचा. पण भिंगरीला ते लगेच जमलं. तिचे हात असे उघडायचे की जणू चटका बसला. ताई म्हणाल्या, "शाबास. हिच्याकडे बघा सगळ्यांनी."

एवढं लक्षात ठेवा. ते तिला येत होतं.

मग दोन्ही वर्गांच्या मिळून लढती सुरू झाल्या आणि भिंगरीचे दिवस फिरले. ती विजेसारखी आत घुसायची, गोगल्याचा पाय उचलायची, आणि गोगल्या पडायचा. पडायचा कसला, पिशवी ठेवावी तसा आपणहून खाली बसायचा. कुस्तीत पडला तो संपला. इथे मात्र पडला तो कामाला लागला! भिंगरी मनातल्या मनात जिंकून झालेली असायची, तेवढ्यात गोगल्याचे दोन्ही पाय तिच्या मांडीभोवती वेल चढावा तसे चढायचे आणि तिचा घोटा त्याच्या काखेत गेलेला असायचा. ती कुस्तीगिरासारखी पाय हिसडायची. जितकी हिसडायची तितकी जास्त अडकायची. शेवटी थोपटावं लागायचं.

"गोगलगायीने भिंगरी गिळली!" मुलं ओरडायची.

"अगं, हिसडू नकोस," गोगल्या तिला समजावायचा. "गुडघा आत वळव आणि माझ्याकडे सरक. लांब नाही पळायचं, जवळ यायचं."

"तू मला शिकवू नकोस!"

हरणं तिने गिळलं असतं. पण एका संध्याकाळी सगळे मामाकडे जेवायला बसले असताना, मामा ताटात बघत, कुणाकडेही न पाहता म्हणाला, "आज पोराने पाय चांगला धरला हं." एवढंच. गोगल्याचा घास हातातच राहिला. मामीने पदराने उगीचच नाक पुसलं. आणि भिंगरीला वाटलं, तिच्या ताटातलं काहीतरी उचलून कुणीतरी शेजारच्या ताटात वाढलं.

त्यानंतर ती वर्ग सुटला तरी घरी जाईना. चपला सापडत नाहीत असं म्हणत दाराशी रेंगाळायची आणि मोठ्या माणसांचा सराव बघायची. ते टाच कशी कोपरात घेतात, अंग कुठल्या बाजूला झुकवतात, सगळं. घरी उशी घेऊन करून बघायची. आईने विचारलं, "काय गं, उशीचं काय चाललंय?" तर म्हणाली, "ढेकूण." आईने दुसऱ्या दिवशी सगळी गादी उन्हात टाकली.

मग पालकांना बोलावून दोन्ही वर्गांच्या मैत्रीच्या लढती ठेवल्या होत्या, तो दिवस आला. भिंतीकडेला खुर्च्या, टायरांवर बसलेले काका लोक, मधोमध पंच म्हणून ताई. शेवटची लढत भिंगरी आणि गोगल्याची. मामा बापही होता आणि कोचही, म्हणून तो म्हणाला, "मी आपला आज सगळ्यांचाच." पण इतक्या वर्षांची सवय जाते कुठे? भिंगरी गादीवर उतरली आणि तो तिच्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. गोगल्याने ते पाहिलं.

भिंगरी घुसली, पट काढला, गोगल्या बसला. नेहमीसारखा त्याने तिच्या पायाला विळखा घालायला घेतला. पण आज ती हिसडलीच नाही. तिने त्याचंच ऐकलं. गुडघा आत वळवला, जवळ सरकली, आणि त्याची पकड सुटताक्षणी त्याचाच पाय स्वतःच्या काखेत घेतला. खुर्च्यांवर एकच गलका झाला. मामा बेभान होऊन ओरडला, "धर! सोडू नकोस, भिंगरे, धर!"

टाच तिच्या कोपरात आली. ती आपोआप आली नव्हती. तिने आणली होती.

आणि तिच्या नडगीवर थोपटलं गेलं. थप, थप.

मुलांनो, ते तिला कळलं. गलक्यात ऐकू आलं नसेल, पण कातडीला कळलं. तो हात तिला पाठ होता. आणि ते कळल्यावर तिच्या मनात आलं, की थोपट अजून. एकदा सगळ्यांसमोर नीट थोपट. तेवढ्या वेळात तिने अंग वळवलं.

ताई पलीकडच्या बाजूला होत्या. त्या झेपावल्या आणि तिचे हात ओढून काढले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोगल्या ओरडलासुद्धा नाही. गुडघा दोन्ही हातांत धरून तो फक्त म्हणाला, "अगं... अगं..." जणू तिची काही वस्तू खाली पडली होती आणि तो तिला सांगत होता.

डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातला एक बंध अर्धा फाटलाय. ऑपरेशन नको, पण पट्ट्या, कुबड्या आणि कित्येक महिने गादीचं नाव नाही. दवाखान्याच्या बाकावर सगळे एका रांगेत बसले होते. ताई भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या.

"टाच कशी फिरली गं?"

"झटापटीत फिरली."

"बरं. आणि त्याने थोपटलं ते तुला कळलं?"

भिंगरीने तोंड उघडलं. पण मामाच मध्ये बोलला.

"तिला कसं कळणार? एवढीशी होती तेव्हापासून मी तिला सांगतोय, शिट्टीशिवाय हात सोडायचा नाही. आणि वर मी बैलासारखा ओरडत होतो. तिला काही विचारू नका. हा दोष माझा आहे."

ताईंनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने 'नाही कळलं' अशी मान हलवली. मान हलवायला ताकद लागत नाही, शब्द लागत नाहीत. ती हलते आणि होऊन जातं.

आई म्हणाली, "रडू नको, खेळात होतं असं." मामी, जिचा मुलगा आत पडला होता तीसुद्धा, तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू जेवलीस का?" त्यापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

लाज काय असते, हे मी तुम्हाला नुसतं सांगून कळणार नाही. तुम्हाला येऊन गेली असेल तर माहीत आहे आणि आली नसेल तर येईल. भिंगरीची लाज अशी होती की जिना उतरताना मामाच्या दारापाशी आलं की तिचे पाय चोरासारखे पडायचे. ती गुणी वागायला लागली. न सांगता मामीची भांडी घासली, गोगल्याची वह्या-पुस्तकं शाळेतून आणली, दुकान झाडलं. आणि जो तो म्हणायचा, "पोर किती गुणाची, किती मनाला लावून घेतलंय बिचारीने!" ते ऐकलं की तिच्या कानाच्या पाळ्या पेटायच्या. ज्या बोटांनी ती भांडी घासायची, त्या बोटांकडे तिला बघवत नव्हतं.

एका दुपारी मामीने तिच्याबरोबर गोगल्यासाठी दूध पाठवलं. तो दोन उशांवर पाय ठेवून पडला होता. तिने पेला ठेवला आणि पळायच्या बेतात होती, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब ना."

ती थांबली.

"मी तुझ्या नडगीवर थोपटलं होतं. गादीवर नव्हतं. नडगीवर."

भिंगरी पेल्यावर आलेल्या सायीकडे बघत राहिली.

"मी रागावलो नाहीये," गोगल्या त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला. "म्हणजे, रागावलोय. पण ते राहू दे. मला एकच सांग. तू बाबा ओरडले म्हणून धरून ठेवलंस का?"

"का विचारतोस?"

"कारण तो पाय माझा होता." त्याने छताकडे पाहिलं. "मी पडल्यापडल्या त्यांना बघत होतो. 'धर' म्हणत होते. त्यांना कळत नव्हतं का, कोणाचा पाय आहे ते? रात्रंदिवस तेच डोक्यात येतं. ते ओरडले नसते तर तू सोडलं असतंस ना?"

किती सोपं होतं पाहा. दोन शब्द खरे बोलले तर हा मुलगा बापावर रुसायचा थांबणार होता. आणि दोन शब्द खोटे बोलले तर भिंगरी सुटणार होती.

"हो," ती म्हणाली. "मामा ओरडला म्हणून."

"वाटलंच," गोगल्या म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. दूध तसंच राहिलं.

त्यानंतर मामाच्या घरात जे सुरू झालं ते भिंगरी रोज डोळ्यांनी बघत होती. मामा पाणी घेऊन गेला की गोगल्या म्हणायचा, "ठेवा तिथे." जिना उतरताना मामाने दंड धरला की तो दंड काढून घ्यायचा आणि कुबड्या टेकत एकटाच उतरायचा. बापलेकांत भांडण असतं तर मिटलं असतं. भांडणच नव्हतं. मामाचा आवाज बसत गेला. दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "काय हो, घसा धरलाय का?"

आणि मग एका संध्याकाळी मामाने दोन्ही वर्गांना गोळा केलं. मामी गोगल्याला डॉक्टरांना दाखवून परत आणत होती. तेवढ्यात मामाच म्हणाला, "त्यालाही बसू दे, त्यानेही ऐकावं." म्हणून गोगल्या दाराजवळच्या टायरवर बसला, पाय पुढे सरळ करून.

"मुलांनो," मामा म्हणाला, "उद्यापासून कुस्तीचा वर्ग बंद. ज्याला यायचंय त्याने ताईंकडे शिकावं. गादी इथेच आहे, हॉलही इथेच आहे."

"सर, असं काय करता!" ताई म्हणाल्या.

"खरं तेच बोलतोय, ताई. समोर स्वतःच्या पोराचा पाय मोडतोय आणि ज्याला तो ओळखू येत नाही, त्याने लोकांची पोरं सांभाळू नयेत. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, कडी उखडायची नाही म्हणून? मी थट्टेवारी नेलं होतं." त्याने गळ्यातली शिट्टी काढायला हात वर केला. दोरी कानात अडकली. एरवी पोरं हसली असती. आज कुणी हसलं नाही. जाड्या मुलाचं तोंड रडवेलं झालं.

गोगल्या जमिनीकडे बघत होता.

भिंगरी दुसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली कधी, ते तिलाही कळलं नाही. उभी राहिल्यावर मात्र सगळ्यांच्या माना वळल्या आणि बसायची सोय उरली नाही.

"मामा, तू ओरडलास म्हणून नाही धरलं मी."

"बस खाली, बाळा. तुझा काही दोष—"

"आहे!" तिचा आवाज चिरकला. "मला कळलं होतं. त्याने थोपटलेलं मला कळलं होतं. टाच पण मीच फिरवली. झटापटीत नाही. मी बघून शिकले होते. उशीवर करून बघितलं होतं."

पुढे दुकानात कुणीतरी पाना खाली ठेवला, तोही हॉलमध्ये ऐकू आला.

मामाचा हात अजून शिट्टीच्या दोरीतच होता. "मी ओरडलो नसतो तर?" त्याने हळूच विचारलं. "तर तू सोडलं असतंस?"

खोटं बोलायची ही शेवटची आणि सगळ्यात सोपी संधी होती. मामा स्वतःच ती हातात देत होता.

"नसतं सोडलं," भिंगरी म्हणाली. मग ती गोगल्याकडे वळली. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती त्याच्या पट्ट्यांकडे बघून बोलली. "त्या दिवशी दूध आणलं तेव्हा मी तुला खोटं सांगितलं. तू मामावर रुसलास तर माझं नाव मागे पडेल म्हणून."

कुणी म्हणालं नाही की असू दे. कुणी म्हणालं नाही की शाबास, खरं बोललीस. मामी तर उठून उभी राहिली आणि तिने भिंगरीकडे असं पाहिलं की तशी नजर भिंगरीने त्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिली नव्हती. ताई एवढंच म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत तू कुणाच्या पायाला हात लावायचा नाहीस."

"हो."

"किती दिवस ते मला विचारायचं नाही."

"हो."

गोगल्याने कुबड्या ओढल्या. उठायला गेला तसा टायर सरकला आणि मामा पटकन पुढे झाला, पण हात लावायच्या आधीच थबकला, जसा तो अलीकडे थबकायचा. गोगल्या क्षणभर तसाच अर्धवट वाकून राहिला. मग त्याने एक कुबडी मामीकडे दिली आणि मोकळा झालेला दंड बापाच्या दिशेने थोडा बाहेर काढला. मामाने तो दंड धरला. तिघं दुकानातून सावकाश बाहेर गेले, गोगल्याच्याच चालीने. शिट्टी मामाच्या गळ्यातच राहिली होती. उद्या वर्ग भरणार की नाही, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

भिंगरीकडे गोगल्याने वळून पाहिलं नाही.

तिला वाटलं, आता पळावं. मागच्या दाराने वर घरात, पांघरुणात. दार तिच्यापासून चार हातांवर होतं. पण गादीवर वीस-बावीस मुलं बसली होती आणि ती सगळी तिच्याकडे टकमक बघत होती. जाडा मुलगा तिच्यापासून जरा बाजूला सरकून बसला होता. सगळ्यांत लहान होती ती ताईंच्या वर्गातली दात पडलेली चिमुरडी. तिच्या पोटात प्रश्न राहत नसे.

"कळलं होतं," चिमुरडी म्हणाली, "तर सोडलं का नाहीस?"

"ए, गप!" कुणीतरी तिला ढोसलं.

"नको, विचारू दे तिला," भिंगरी म्हणाली.

ती पळाली नाही. परत गादीवर आली, चिमुरडीच्या समोर मांडी घालून बसली, हात स्वतःच्या मांडीवर उघडे ठेवले, आणि म्हणाली, "मामाने त्याला चांगलं म्हटलं होतं. त्याचा मला राग आला होता." आणि मग ती सुरुवातीपासून सगळं सांगायला लागली.